लेकरू वर्गात झोपते तेव्हा



आज जे सांगणार आहे ते सुखाचे नाही. पण तुमच्या घरात शाळेत जाणारे लेकरू असेल, भावकीत असेल, शेजारी असेल, तर हातातले काम बाजूला ठेवून दोन घटका वाचा. मी छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवले. १९८२ साली कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात रुजू झाले आणि २०१८ साली निवृत्त झाले. नोकरी लागली तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, २०२३ पासून ते धाराशिव झाले. नाव बदलले, पण शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्या लेकरांच्या पाठीवरचे दप्तर आणि मनावरचे ओझे फारसे बदललेले मी पाहिले नाही. दप्तर सगळ्यांना दिसते. दुसऱ्या ओझ्याविषयी मला बोलायचे आहे.

नोकरीचे दुसरे वर्ष असेल, म्हणजे १९८४. चौथीच्या वर्गाला मी निबंध दिला, ‘माझे घर’. सगळ्यांनी ठरलेलेच लिहिले. घराला अंगण आहे, दारात तुळस आहे, गाय दूध देते. एका मुलीची वही मात्र वेगळी होती. तिने लिहिले होते की, आमच्या घराला दोन खोल्या आहेत. एक शेळी आहे. रात्री बाबा आले की आई कडब्याच्या गंजीमागे झोपते. मी धाकट्याला घेऊन माळवदावर जाते. सकाळी आई भाकरी करते.

तुम्हाला खरे सांगते, मी आधी त्यातले ‘गंजि’ लाल शाईने ‘गंजी’ केले. मग पुन्हा वाचले आणि हातातला पेन थांबला.

मी चोवीस वर्षांची होते. डी.एड.च्या कॉलेजात असल्या निबंधाचे काय करायचे ते कुणी शिकवले नव्हते. मी वही मुख्य गुरुजींना दाखवली. माणूस भला होता. त्यांनी शिपायाला पाठवून मुलीच्या बापाला बोलावून घेतले. बाप आला, डोक्याचा पटका काढून हात जोडले, चहा प्यायला. गुरुजींनी चार शब्द सुनावले. तो खाली मान घालून ऐकत होता. जाताना म्हणाला, “पोरगी लईच लिहिती की वो बाई,” आणि हसला. वही मागितली. मी दिली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने मी तिच्या घरी गेले. आई वसरीत ज्वारी निवडत होती. भुवईवर हळद लावलेली. मला बघून उठली नाही. म्हणाली, “ती आता रानात जाती.” मी काहीबाही बोलत राहिले, शिक्षण, हुशार मुलगी, वर्ष वाया जाईल. तिने सूप खाली ठेवले आणि मला विचारले, “बाई, तुमाला काय वाटलं, गावाला म्हाईत न्हाई?”

या वाक्यावर मी चाळीस वर्षे विचार करते आहे.

तुम्ही म्हणाल, यात बाईंची काय चूक? बापाला समजावणे हे काही वाईट नव्हे. वाईट नव्हतेच, पण आमचा डाव उलटा पडला. ज्याच्या भीतीने लेकरू माळवदावर जात होते, त्याच्याच हातात आम्ही लेकराचा शब्द नेऊन दिला. त्या मुलीने गावात एकच जागा अशी शोधली होती जिथे खरे सांगता येईल, ती म्हणजे वहीचे पान. ते पान आम्ही चव्हाट्यावर आणले आणि रात्री तिला त्याच घरी झोपायला पाठवले. आईला आधी विचारले नाही, रात्रीची सोय पाहिली नाही. बापाला सुनावले म्हणजे आपले काम झाले असे वाटून आम्ही मोकळे झालो. पुढे तिचे चौदाव्या वर्षी लग्न झाल्याचे कळले.

असो. आता दुसरी गोष्ट.

१९९१ साली माझी बदली सास्तूरच्या बाजूला झाली. मालक कळंबकडे रान सांभाळायचे आणि मी दोन लेकरे घेऊन इकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. दगड-मातीच्या त्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, तेच माणसांच्या अंगावर आले. किल्लारी आणि सास्तूर परिसरात हजारो माणसे गेली. आमच्या भाड्याच्या खोलीवर पत्रे होते म्हणून आम्ही वाचलो. पुढे बरेच महिने सारे गाव पत्र्याच्या शेडमध्ये होते. शाळाही पत्र्यातच भरायची आणि मीही ओळीतल्या एका शेडमध्ये राहायचे.

आता या पत्र्याने काय केले ते बघा. जुन्या वाड्यातल्या दीड हात रुंद भिंतीआड काय चालते ते बाहेर येत नव्हते. आले तरी ‘वाऱ्याने दार वाजले असेल’ म्हणून कूस बदलता येत होती. पत्र्याच्या शेडमध्ये ती सोय राहिली नाही. चौथ्या शेडमध्ये भांडे पडले तरी पहिल्या शेडला कळायचे. दुःखाने माणसे पिचलेली होती, हाताला काम नव्हते, मदतीचे पैसे येत होते आणि त्यामागून दारूही येत होती. रात्री कुठे बाई रडते, कुठे लेकरू किंचाळते, हे सगळी ओळ ऐकायची. सकाळी पाण्याच्या टँकरवर सगळ्याजणी खाली मान घालून उभ्या.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. रोज वर्गात झोपायचा. मी त्या काळी निरगुडीचा फोक वापरत असे, ते लपवून ठेवत नाही. दोनदा त्याच्या हातावर मारले. तो रडला नाही. हात मात्र आधीच डोक्यावर धरले होते, मी उचलायच्या आत. ज्यांच्या दावणीला बैल आहे त्यांना हे सांगायला नको. ज्या बैलाला बेदम मार बसलेला असतो, तो गोमाशी हाकायला हात उचलला तरी बिचकतो. त्या रात्री मी शेडमध्ये जागी होते. तिसऱ्या शेडमधून आवाज सुरू झाला. मग एक बारीक आवाज ऐकला, “आईला नगं, आईला नगं.” तो माझ्याच वर्गातला आवाज होता.

म्हणजे लेकरू रात्रभर पहारा देत होते आणि दिवसा माझ्या वर्गात झोपत होते, आणि त्याबद्दल मी त्याला मारत होते. घरी एकाचा मार, शाळेत दुसरीचा.

दुसऱ्या दिवशी मी फोक मोडून टाकला. मी मोठी झाले असे सांगायला हे लिहीत नाही, कारण पुढे रागाच्या भरात कधी हात उठलाच नाही असेही नाही. (शाळेत लेकराला मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केले. आम्हा मास्तर लोकांना ते बरीच वर्षे पचले नाही.) पण त्या मुलासाठी वर्गाच्या कोपऱ्यात एक पोते अंथरले. ‘झोप आली की तिथे झोपायचे, उठलास की शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यायचे,’ एवढेच सांगितले. का झोपतोस म्हणून विचारले नाही. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्याची. पंधरा दिवसांनी तो पाढे म्हणायला लागला. सतराच्या पाढ्यापर्यंत गेला. मला वाटले होते मठ्ठ आहे.

आणि शेडच्या ओळीत एका म्हातारीने जे केले ते तर कुठल्याही कायद्याच्या आधीचे आहे. एका रात्री तिसऱ्या शेडमधून आवाज सुरू झाला तशी ती उठली आणि तांब्या घेऊन पत्रा बडवायला लागली. काही बोलली नाही, नुसता पत्रा बडवला. मग तिच्या शेजारणीने, मग मी, मग सगळ्या ओळीने. मारणारा बाहेर आला आणि ओशाळून उभा राहिला. मारहाण कायमची थांबली असे मी म्हणणार नाही. पण ‘गावाला माहीत आहे’ आणि ‘माहीत आहे हे गावाने सांगितले’ यांत फरक असतो, तो त्या रात्री समजला. १९८४ सालच्या त्या माउलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिथे मिळाले.

आता कुणी म्हणेल, शाळेचे काम शिकवणे. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची पंचाईत मास्तरांना कशाला? हे मी पालकसभेत ऐकले आहे, शिक्षकांच्या बैठकीतही ऐकले आहे. त्यांना मी एवढेच सांगते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ते सर्वांना पाठ आहे. पण त्यांनीच १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या बाईचे मूल १८७४ साली दत्तक घेतले. तोच यशवंत, जो पुढे डॉक्टर झाला. आपल्याकडच्या शाळेची सुरुवातच अशी आहे. ज्या बाईंनी पहिल्यांदा मुलींना अक्षर शिकवले, त्यांनीच बाईवरच्या जुलमातून जन्मलेल्या लेकराला पोटाशी धरले. ही दोन वेगळी कामे आहेत असे त्यांना वाटले नाही.

आणि ही चार-दोन घरांची गोष्ट नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी चारांत एकीने नवऱ्याकडून मार वा जाच सोसल्याचे सांगितले. आणि विशी ते चोवीस वयाच्या मुलींत पाचांत एकीहून जास्त अशा निघाल्या, ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते. तुमच्या गावच्या शाळेत एका वर्गात चाळीस लेकरे असतील तर हिशेब तुम्हीच करा.

त्या लेकरांना शाळेत ओळखायचे कसे? पुस्तकात लक्षणे दिलेली असतात, मी पाहिलेली सांगते. काही अगदी गप्प होतात, काही मधल्या सुट्टीत दुसऱ्याला मारत सुटतात. मुलगे विशेषतः मारतात, आणि आपण त्यांना गुंड म्हणतो. कुणाचे रोज पोट दुखते, तेही नेमके शाळा सुटायच्या वेळेला. कुणी मोठे लेकरू परत अंथरूण ओले करायला लागते. कुणी अभ्यासात एकदम मागे पडते, तर कुणी इतके शहाण्यासारखे वागते की बाईंना कौतुक वाटते. ते कौतुक मला आता धास्तीचे वाटते. जे लेकरू दारात कुणाची चप्पल आहे ते बघून आत पाऊल टाकते, त्याचे सगळे चित्त त्या चपलेवर असते. तिथे भागाकार कसा शिरणार? हे हट्ट नाहीत आणि आळसही नाही. भीती अंगात मुरली की डोके दुसरे काही घेत नाही.

लेकरू बोलले तर काय करायचे, हे मी फार उशिरा शिकले. ऐकायचे. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, ‘मग तू ओरडली का नाहीस’ हा प्रश्न तर कधीच नाही. ‘यात तुझी चूक नाही’ हे एक वाक्य म्हणायचे. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, कारण काही गोष्टी सांगाव्याच लागतात आणि वचन मोडले की लेकरू पुन्हा तोंड उघडत नाही. ‘ज्याने तुझे भले होईल त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगून’ असे म्हणावे. त्याच दिवशी तारीख घालून लेकराच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि तो कागद कुलपात ठेवावा. स्टाफरूममध्ये चहाबरोबर ती गोष्ट फिरता कामा नये. आमच्याकडे ती फिरायची.

माझी खरी परीक्षा २०१४ साली झाली. तेव्हा मी मुख्याध्यापिका होते. आपला भाग दुष्काळी. दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम भागातली माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरे कधी बरोबर जातात, कधी म्हातारीपाशी किंवा नातेवाइकाकडे राहतात. यासाठी सरकारने शाळेला जोडून हंगामी वसतिगृहे केली, काही लेकरांची सोय झाली. पण सगळ्यांची होत नाही. आणि मोठ्या मुलीला मागे ठेवायची धास्ती वाटते म्हणून तिचे लग्नच उरकून टाकायचे, म्हणजे एक नवा कोयता तयार, हेही आपण सारे पाहतोच.

अशीच मागे राहिलेली एक मुलगी शाळा सुटली तरी घरी जायची नाही. वर्ग झाडत बसायची. झाडलेला वर्ग पुन्हा झाडायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी नुसती बसले. बऱ्याच वेळाने ती बोलली. याहून जास्त मी तिच्याविषयी लिहिणार नाही. अशा लेकराची ओळख पटेल असे काही छापू नये असा कायदा आहे, आणि नसता तरी मी लिहिले नसते.

अठराच्या आतल्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले की पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. शिक्षकाने दडपले तर त्यालाही शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत कैद. गावातली चार मोठी माणसे संध्याकाळी माझ्या दारात आली. “बाई, पोरीचं नाव खराब हुईल, आपसात मिटवू.” मालक तेव्हा घरीच होते. ते काही बोलले नाहीत, पण उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी कळवले. मुलीची आई चौथ्या दिवशी कारखान्यावरून आली आणि आधी माझ्यावरच भडकली. “आमच्या माघारी आमची इज्जत घालवली” म्हणाली. मी ऐकून घेतले. बाई रात्रभर बसून लांबून आली होती, राग कुणावर तरी निघणारच. दोन दिवसांनी ती मुलीला घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, “हिला आता हितंच ठिवा, कुटं पाठवू नगा.”

तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. या कायद्याने मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरे वाटेल तिथे घ्यायचा असतो, होईल तोवर बाई अधिकाऱ्याने, आणि अंगावर खाकी न घालता. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची. लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही. हे माहीत नसल्याने माणसे घाबरतात आणि दडपतात. मीही घाबरले होते.

पण सांगायचे ते पुढचे आहे. पोलीस आले, गेले, कोर्टाचे जे व्हायचे ते तारखांनी होत राहिले. मुलगी मात्र रोज शाळेत येत होती, आणि खरे काम तिथे होते. तिच्याकडे सगळ्यांनी वळून बघायचे नाही, हे पोरांना न सांगता कसे जमवायचे? मी तिला पुढच्या बाकावरून दाराजवळच्या बाकावर बसवले, वाटले तर न विचारता बाहेर जाता यावे म्हणून. येताना-जाताना तीन मैत्रिणी बरोबर असतील असे पाहिले. तारखेला गेली तर हजेरीपटाचा काच होऊ नये अशी तजवीज केली. घटक चाचणी नंतर घेतली. स्नेहसंमेलनात तिला पडदा ओढायचे काम दिले, कारण तिला कुणासमोर उभे राहायचे नव्हते पण घरीही बसायचे नव्हते. एका शिक्षकांनी तिला ‘बिचारी’ म्हटले तेव्हा मी त्यांना बाहेर नेऊन बोलले. दया दाखवली की लेकराला आपण वेगळे आहोत हे पुन्हा कळते. खिचडीच्या रांगेत ती भांडायला लागली त्या दिवशी मला बरे वाटले.

मार खाऊन माहेरी आलेल्या बाईच्या लेकरांविषयीही बोलले पाहिजे, कारण अशी घरे तुमच्यात असतील. दिवाळीनंतर कधीतरी एक बाई दोन लेकरांना घेऊन शाळेच्या दारात उभी राहते. आधीच्या शाळेचा दाखला नसतो, कारण ती रात्री निघालेली असते. आम्ही सांगायचो, ‘दाखला आणा, बापाची सही आणा.’ अहो, ज्याच्यापासून पळाली त्याची सही तिने कुठून आणावी? मीही असे दोन-तीनदा परत पाठवले आहे. शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की आठवीपर्यंत दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. आधी लेकराला वर्गात बसवायचे, कागद मागून येतात. कुणी अडवले तर हे सांगा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. घरातल्या मारहाणीविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली न्यायाधीश संरक्षणाचा आदेश देतात, आणि पीडित लेकरू असेल तर त्याच्या शाळेत पाऊल ठेवायचे नाही असेही मारणाऱ्याला बजावता येते. लेकरांचा ताबा तात्पुरता आईकडे देता येतो. असा आदेश असेल तर त्याची एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्या. मधल्या सुट्टीत बाप येऊन ‘चल, आजी आजारी आहे’ म्हणून लेकराला मोटारसायकलवर घालून नेतो. शाळेला माहीत नसेल तर शाळा जाऊ देते. या कायद्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. अंगणवाडीच्या बाईंना किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारले तर पत्ता लागतो. लेकरांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे फोन आहेत, पैसे पडत नाहीत. आमच्या वर्गात पाढ्यांच्या तक्त्याखाली १०९८ लिहिलेले असे, पाढ्यांबरोबर तोही पाठ व्हायचा. अठराच्या आत लग्न ठरले असेल तर गावचा ग्रामसेवक हाच ते थांबवणारा अधिकारी आहे, आणि शाळेला हे सगळ्यांत आधी कळते, कारण मैत्रिणींना आधी कळते. एकट्या पडलेल्या आईच्या लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून तिची रक्कम महिन्याला २२५० रुपये झाली. फॉर्म भरायला शिक्षकाने अर्धा तास दिला तर एका लेकराची शाळा टिकते.

तक्रारपेटीचे सांगायचे राहिले. २०१७ साली प्रत्येक शाळेत तक्रारपेटी लावायचा आदेश आला. आमच्याकडे ती लावली ती थेट माझ्या ऑफिसच्या दाराबाहेर. चार महिने चिठ्ठी नाही. मग एका सहावीतल्या मुलीनेच सांगितले, “बाई, तितं टाकताना समद्यांना दिसतं.” पेटी काढून मुलींच्या संडासाकडच्या बोळात लावली. पहिल्याच आठवड्यात सहा चिठ्ठ्या निघाल्या. दोन खिचडीत मीठ जास्त असल्याच्या होत्या. बाकीच्या चार नव्हत्या. २०२२ पासून शाळेशाळेत सखी सावित्री समितीही नेमायची आहे, तिच्यात पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, पालक आया असतात. तुमच्या शाळेत ती कागदावर आहे की खरोखर बसते, हे पुढच्या पालकसभेत उठून विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तिथे सही करून चहा पिऊन यायचे नसते.

शाळेने हे सगळे एकटीने करावे असेही मी म्हणत नाही. मुंबईत १९८४ साली पोलीस आयुक्तालयातच टाटा समाजविज्ञान संस्थेने बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे राज्यातल्या इतर जिल्ह्यांत पोचला. गंमत अशी की ज्या वर्षी मुंबईत हा कक्ष उघडला, त्याच वर्षी मी वही बापाच्या हातात दिली. आपल्या जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. गोळी मागायला आलेल्या बाईच्या अंगावरचे वळ आधी कुणाला दिसत असतील तर अशा बाईलाच. तिची आणि शाळेतल्या बाईंची ओळख पाहिजे. आमच्या गावात आशाताई आणि मी दर गुरुवारी बाजाराच्या वाटेवर बोलत असू. ती रजिस्टरात कुठे नोंदलेली बैठक नव्हती.

गेल्या वर्षी कळंबच्या बाजारात मेथी घेत होते. माळवे घेऊन बसलेली बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. “बाई, वळखलं का?” मी ओळखले नाही. तिने वडिलांचे नाव सांगितले तेव्हा माझे हातपाय गार पडले. केस पांढरे झाले होते. नात सहावीत आहे म्हणाली, शाळेला जाते, निबंध चांगला लिहिते. आई सहा वर्षांमागे गेली. धाकटा पुण्याला आहे.

मला तिची क्षमा मागायची होती. शब्द जुळवत होते तेवढ्यात तिनेच विचारले, “बाई, माजी ती वही तुमच्याकडं ऱ्हायली का वो?”

“नाही गं,” मी म्हणाले. “मी ती तुझ्या बापाकडे दिली.”

“मग चुलीत गेली असंल,” ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पावशेर मिरच्या मोजायला लागली.